डाव्या पायाचा बूट

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या स्वभावापायी झालं. एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागं घ्यायची मला सवयच नव्हती. सासू शेजारणींना सांगायची, "आम्ही सून न्हाई आणली बाई, वकील आणला." मला तेव्हा त्याची फुशारकी वाटायची.

आमच्या ह्यांचं जुन्या जालन्यात गॅरेज होतं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती आणि आता ह्या वयात मी ती मोडणार नाही, म्हणून इथंही "हे"च. गॅरेज म्हणजे तरी काय, धान्याच्या आडतींमागं एक पत्र्याचं शेड आणि पुढं दोन-तीन फटफट्या पोट उघडं टाकून पडलेल्या. ह्यांचे हात कायम काळे. लग्नात हळद लावताना नखांतलं ग्रीस काही निघेना, तेव्हा माझ्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पोरगा कोळसा विकतो काय गं?" हे इतके हसले की मुंडावळ्या सुटून खाली आल्या. मी तिथंच भाळले.

मोठा दुष्काळ पडून गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अंबडच्या वाटेवर माझं माहेर, आणि गावाला लागून तलाव. दुष्काळात तो आटला तो आटलाच, नंतरच्या पावसानं काही भरला नाही. तळाची काळी माती भाजून दगड झाली आणि तिला भेगा पडल्या. काही भेगांत कोपरापर्यंत हात जायचा. आणि तळाच्या मधोमध एका उंचवट्यावर देव उघडा पडला. म्हातारी माणसं सांगायची, पाण्याखाली म्हसोबा आहे म्हणून. आम्हा पोरींना ती थाप वाटायची. मंग एक दिवस खरंच धोंडा दिसला, अंगावरचं शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. गावानं त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला. मी मात्र त्याच्याकडं फार वेळ बघू शकायची नाही. इतकी वर्षं हा पाण्याखाली एकटा बसून काय करत होता, असं मनात यायचं आणि अंगावर काटा यायचा.

शर्यतीचं खूळ आणलं एका फौजीनं. पलटणीतून निवृत्त होऊन जालन्यात आला होता आणि त्याची फटफटी ह्यांच्याकडं दुरुस्तीला असायची. त्यानं नोकरीत असताना कुठं तरी मातीवरची शर्यत बघितली होती. अंड्याच्या आकाराची वाट, एका वेळी चार गाड्या, चार फेरे. वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरू द्यायची आणि आतल्या बाजूचा पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. वाट कायम डावीकडं वळणारी, म्हणून टेकवायचा पाय डावा. उजवा पाय ब्रेकवर. डाव्या बुटाच्या तळाला लोखंड ठोकलेलं, म्हणजे तो जमीन धरत नाही, नुसता सरकत जातो.

"सपाट, कडक, मोकळी जागा पायजे," फौजी म्हणाला. ह्यांनी लगेच सासुरवाडीचा तलाव सुचवला. म्हणजे जागासुद्धा माझ्याच घरची.

चौघं जमले. हे, कापडाच्या दुकानातला एक तरणा मालक, शाळेतले ड्रिलचे मास्तर आणि दवाखान्यातला एक कंपाउंडर. सगळे हौशी. चुन्याच्या फक्कीनं वाट आखली. अंडं आपोआपच म्हसोबाच्या उंचवट्याभोवती आखलं गेलं, कारण तेवढीच जागा गाडी जायला नको अशी होती. मोठ्या भेगा राख आणि मुरूम घालून बुजवल्या. ह्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल केला, ठोकून पातळ केला आणि डाव्या बुटाला रिबिटा मारून बसवला. तसला बूट बाकीच्या तिघांनाही करून दिला, पण स्वतःचा सगळ्यांत देखणा.

मला पाचवा महिना होता म्हणून मी माहेरीच होते. हे रोज दुपारून जालन्याहून यायचे, चहा घ्यायचे आणि ओट्यावर बसून पाय पुढं करायचे. लोखंडामुळं बूट जरासुद्धा वाकायचा नाही, स्वतःला नाडी बांधायची म्हणजे कसरत. ते काम माझं. मी खाली बसून नाडी आवळायची, दुहेरी गाठ मारायची आणि बुटावर एक चापट द्यायची. मग हे टक् टक् वाजवत अंगणातून जायचे. आई आतून म्हणायची, "जावई आला का बैल सुटला?"

सराव मी तलावाच्या पाळीवर बसून बघायची. खोटं कशाला बोलू, जीव जायचा माझा त्यांच्यावर. बाकीचे तिघं वळणावर अंग चोरायचे. हे मात्र गाडी अशी लोटून द्यायचे की आता पडले वाटावं, आणि मग तो डावा पाय पुढं निघायचा, लोखंडातून ठिणग्या उडायच्या, आणि गाडी लोणी कापल्यासारखी वळून सरळ व्हायची. फौजी ओरडायचा, "शाब्बास! बिलकुल बराबर!" पुण्याकडं अशी शर्यत होणार होती आणि जिंकेल त्याला तो तिकडं नेणार होता. ह्यांनी पुणं बघितलंही नव्हतं.

दहा-बारा दिवस गेले आणि एका संध्याकाळी मला ते दिसलं. दिवस कलला होता, धूळ उडाली होती, धुळीत माणसं नीट दिसत नव्हती. नुसत्या सावल्या त्या धोंड्याभोवती फिरत होत्या. डावीकडून. उलट्या.

मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले. पोरींना मसणात नेत नाहीत, म्हणून मी माळवदावर चढून लांबून बघितलं होतं. दादाच्या खांद्यावर मडकं, मडक्याला भोक, पाण्याची धार, आणि दादा सरणाभोवती उलटा फिरत होता. देवाला आपण उजवीकडून फिरतो. उलटं फिरायचं ते फक्त तिथं. ते चित्र माझ्या डोळ्यांतून कधी गेलंच नव्हतं, आणि आता माझा नवरा रोज संध्याकाळी तेच करून राह्यला होता. त्या दिवसापासून मला सरावात गाडी दिसेना, मडकंच दिसायला लागलं.

तरी मी गप्प राहिले. मी! आठ दिवस गप्प! शर्यतीच्या दिवसापर्यंत.

शर्यत दुपारी चारला. पंचक्रोशीतली माणसं सकाळपासूनच यायला लागली होती, चहाच्या दोन गाड्या लागल्या होत्या, भजी तळणं चाललं होतं. ह्यांनी जेवण केलं नाही, नुसतं ताक पिऊन ओट्यावर बसले आणि पाय पुढं केला. मी नाडी आवळली, गाठ मारली. चापट काही दिली नाही.

"आज सुलटं फिरा," मी म्हटलं.

"काय सुलटं?"

"देवाला उलट्या फेऱ्या घालून राह्यले तुम्ही इतके दिवस. सराव होता तवर बोलले न्हाई. आज खरी शर्यत हाय. उलट्या फेऱ्या कुठं घालतात, ठाऊक हाय ना?"

हे हसले. "अगं येडे, शर्यत हाय ती. पूजा थोडीच घालतो?"

"हसू नका."

"बरं, न्हाई हसत. पण बघ जरा. बूट डाव्या पायाचा. सराव डावीकडचा. उलटं वळायचं तर उजवा पाय खाली टाकावा लागंल. मंग ब्रेकवर कोण पाय ठेवणार, तुझा दादा?"

हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मला कळलं नाही असं मी कुणालाच सांगू शकत नाही, स्वतःलाही नाही. मला सगळं कळलं होतं. पण मी बोलले होते आणि ते हसले होते, एवढ्यानंच माझं डोकं फिरलं. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या पोटावर दाबला.

"ह्याची शपथ हाय तुम्हाला. उलटं फिरलात तर."

विस्तवावर पडल्यासारखा त्यांनी हात ओढून घेतला. "हे काय केलंस?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, आपण जिंकलो. ते उठले आणि म्हणाले, "बरं." अंगणातून जाताना बुटाचा आवाज रोजच्यासारखाच आला.

पुढचं दादानं मला नंतर सांगितलं. हे फौजीकडं गेले आणि म्हणाले, देवाला उलटं नको, आपण वाट फिरवू. फौजी चिडला. "फौजेत असतास तर कोठडीत टाकला असता! जल्दी सांग, काय झालं?" ह्यांनी शपथेचं सांगितलं नाही. माझं नाव काढलं नाही. नुसतं, "मला बराबर वाटत न्हाई," एवढंच. पण जवळ गावातली चार म्हातारी माणसं बसली होती, त्यांनी ते ऐकलं. आजवर त्यांच्यातल्या एकालाही फेऱ्या उलट्या आहेत हे सुचलं नव्हतं. आता एकदम सुचलं. "पोरगं शहाणं हाय. न्हाई, न्हाई, देवाला उलटं चालायचं न्हाई." बघता बघता सगळं गाव एका बाजूला झालं. माणसं जमली होती, मोडता घालायची सोय नव्हती. फौजीनं कपाळावर हात मारला आणि वाट फिरवली.

उजव्या बुटाला लोखंड बसवायला वेळ कुठला? ह्यांनी टायरचा एक तुकडा कापून सुतळीनं उजव्या कॅनव्हासच्या बुटाखाली बांधला. फौजी म्हणाला म्हणे, "रबर सरकत न्हाई रे, धरतंय." हे म्हणाले, "मंग टेकवतच न्हाई पाय."

मी पाळीवर बायकांत बसले होते. झेंडी पडली. चार गाड्या उजवीकडं निघाल्या आणि मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. मी शेजारच्या काकूला म्हटलंसुद्धा, "आता कसं छान दिसतंय, न्हाई?" बाकीचे तिघं तर बैलगाडी हाकावी तसे चालले होते. हे पहिला फेरा सांभाळून गेले, दुसरा सांभाळून गेले. पाय वर धरलेला. पण मागून कापडवाला जवळ आला, लोकांनी आरडाओरडा सुरू केला, आणि तिसऱ्या फेऱ्यात माझा नवरा मला पुन्हा ओळखू आला. त्यांनी गाडी लोटून दिली. चौथ्या फेऱ्यात, म्हसोबासमोरच्या वळणावर, उजवा पाय खाली आला.

तो सरकला नाही. टायरनं माती धरली, बुजवलेल्या भेगेतली राख खचली आणि पाय आत गेला. गाडी पुढं गेली, पाय तिथंच राहिला. मागून येणाऱ्या कापडवाल्याला वळताच आलं नाही.

आवाज फार झाला नाही. धूळ उठली आणि सगळे पुरुष पळत सुटले. मी उठले नाही. माझ्या पोटात त्याच वेळी बाळ हललं, आणि ते इतक्या जोरात हललं की मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले. काकू म्हणत होती, "ऊठ गं, ऊठ." मी म्हसोबाकडं बघत होते. त्या दिवशी मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

ट्रकमधून त्यांना औरंगाबादला नेलं. डॉक्टरांनी पाच दिवस पाय वाचवायची खटपट केली आणि सहाव्या दिवशी गुडघ्याखाली कापला. मला खाटेजवळ नेलं तेव्हा हे शुद्धीवर होते. मी तोंड उघडलं आणि काय बोलावं तेच सुचेना. हेच बोलले. सासू, दादा, फौजी, सगळे उभे असताना म्हणाले, "सुलटं फिरलो म्हणून वाचलो. उलटं फिरलो असतो तर जीवच गेला असता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावानं तेच धरलं. पुढं वर्षानुवर्षं माहेरची माणसं मला सांगायची, तुझ्या नवऱ्याला देवानंच बुद्धी दिली बघ. लोकांनी त्या जागी नारळ वाढवले. आणि मी मान हलवायची. ज्या बाईनं तोंड आवरायला हवं होतं तिला ते कधी आवरलं नाही, आणि जिथं तोंड उघडायला हवं होतं तिथं तिच्या तोंडाला कुलूप लागलं. "माझं चुकलं हो" एवढं म्हणायला किती श्वास लागतो?

मुलगा झाला. धडधाकट. सासूनं तेल लावताना त्याचे पाय ओढून म्हटलं, "बापाचा एक गेला, ह्याला दोन मजबूत दिले." मला ते दोन पाय बघवत नसत. शपथ पाळली गेली होती, त्याची पावती म्हणून देवानं पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं होतं.

हे कुबडी घेऊन गॅरेजात जायला लागले. पहिल्याच सकाळी त्यांनी फळीवरून तो डाव्या पायाचा बूट काढला. "जोडीतला एकच लागतोय आता," म्हणाले, "अन् ह्याला झीज न्हाई." चेष्टेनं म्हणाले. चुलीशी बसलेल्या माझ्या समोर त्यांनी स्टूल ओढलं, बसले, पाय पुढं केला आणि जरा वेळ थांबले. मी भाकरी उलटत राहिले. मंग त्यांनी वाकून, कुथत, स्वतःच नाडी बांधली.

रोज तसंच. स्टूल, पाय, जरासा थांबा, मंग वाकणं. मला वाटायचं, हे मला दाखवताहेत. बघ, काय केलंस ते बघ. आणि मंग शहाबादी फरशीवरून तो आवाज जायचा, लोखंड टक्, कुबडी ठक्. दिवसभर ते गॅरेजात असले तरी मला घरात तो ऐकू यायचा. न्हाणीत पाणी ओतताना, पोराला पाजताना. मी दचकून बघायची तर कुणी नसायचं.

मुलगा चार-पाच वर्षांचा असताना एकदा माझा स्फोट झाला. "काढून टाका तो बूट! मला ऐकवायला घालता का रोज?" हे माझ्याकडं बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून गेले. घर गप्प झालं, आणि त्या गप्प घरात मला काम सुधरेना. तो आवाज वाईट होता, पण त्याच्याविना मला हे कुठं आहेत तेच कळेना. तिसऱ्या दिवशी मी बूट पुसून स्टुलाजवळ ठेवला. त्यांनी पाय पुढं केला, थांबले. मी आत निघून गेले.

वर्षं गेली. चुलीचा स्टोव्ह झाला, स्टोव्हचा गॅस. नाडी कितींदा बदलली, लोखंड तेच. शेवटचं आजारपण महिनाभराचं. एका दुपारी मी पाय चेपत होते, तो एकच पाय, आणि हे डोळे मिटूनच म्हणाले, "तू परत कधी बांधून दिला न्हाईस."

"काय?"

"बूट. रोज पाय पुढं करत व्हतो. म्हटलं आज बांधंल, उद्या बांधंल. तू बघायचीच न्हाईस."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "माझं चुकलं हो. त्या दिवशीचं. सगळंच." ते म्हणाले, "त्याचं काय घेऊन बसलीस?" आणि झोपी गेले. पुन्हा नीट बोलणं असं झालं नाही.

गेले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी आतून बूट आणला. भाऊबंदांतला एक जण म्हणाला, "वहिनी, प्रेताला पायताण घालत न्हाईत. अन् हे तर लोखंड." मी म्हटलं, "नवरा माझा हाय. मधी बोलायचं न्हाई कुणी." मी खाली बसले, बूट चढवला, नाडी आवळली, दुहेरी गाठ मारली. बोटं काही विसरली नव्हती. वर चापटही दिली.

आमच्यात बायका मसणात जात नाहीत. मी गेले. मुलानं खांद्यावर मडकं घेतलं आणि गडबडीत उजवीकडूनच निघाला. सगळे पुरुष एकदम ओरडले, "उलटं, उलटं!" पोरगं बावरलं. पाण्याची धार पायावर सांडत होती, आणि ते माझ्याकडं बघत होतं.

"डावीकडनं जा, बाबा," मी म्हटलं. "तुझ्या बापाला तिकडूनच जमतंय."

तो डावीकडं वळला.